चार तालुक्यांचं एकच मन

वडशाहून कुरखेड्याकडे निघालं की उजव्या हाताला एक कॉलेज लागतं. नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं चांगली आहेत आणि प्राचार्य तापट आहेत. त्या कॉलेजातून मानसशास्त्र घेऊन बी.ए. झालेला कोणी भेटला, तर त्याला मानवी मनाबद्दल खुशाल विचारा. माणूस किती शब्द लक्षात ठेवतो, कुठे चुकतो, कशाने फसतो, तो धडाधड सांगेल. त्यातलं अक्षर न् अक्षर खरं असेल. फक्त ते सगळं एकाच माणसाबद्दल असेल, आणि तो माणूस नववी नापास आहे.

लटारू दोनाडकर त्याचं नाव. हुद्दा प्रयोगशाळा परिचर. म्हणजे सकाळी कुलूप उघडायचं, कपाटं पुसायची, संध्याकाळी कुलूप लावायचं. पण त्याची खरी नोकरी या दोन कुलपांच्या मधली होती.

मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला दोघं लागतात. एक प्रयोग करणारा विद्यार्थी, आणि दुसरा, ज्याच्यावर प्रयोग करायचा तो. या दुसऱ्याला पुस्तकात 'प्रयुक्त' म्हणतात. प्रयुक्त कोरा असावा, त्याने तो प्रयोग आधी पाहिलेला नसावा, असा नियम पहिल्याच पानावर छापला आहे. पण पुस्तक लिहिणाऱ्याला तीनची एसटी पकडायची नव्हती. इथली पोरं कुरखेडा, आरमोरी, अर्जुनीकडची. प्रात्यक्षिक सुरू झालं की अर्ध्या वर्गाचा जीव बसस्टॉपवर. प्रयुक्त म्हणून बसायला कोणी तयार होईना. १९९६ साली विभागाचे भैयाजी सर वैतागले आणि म्हणाले, "लटारू, तू बस रे स्टुलावर." लटारू बसला. भैयाजी सर निवृत्त झाले, त्यांच्यानंतर दोघं येऊन गेले, अठ्ठावीस वर्षं लोटली, लटारू बसलेलाच होता. एका प्रयोगाला एक आलुबोंडा आणि अर्धा कप चहा, हा दर तेवढा कायम राहिला.

विद्यार्थ्यांच्या वहीत त्याचं नाव कधी आलं नाही. तिथे कॉलेजातलं कोरं तरुण मन दिसायला हवं. मग वय एकोणीस, शिक्षण बी.ए. भाग एक, आणि विद्यार्थिनीची वही असेल तर लिंग स्त्री. लटारूला हे ठाऊक होतं आणि त्याला त्याची फार मजा वाटायची. घरी आल्यावर चप्पल काढता काढता तो बायकोला सांगायचा, "कमळे, आज मी दोनदा पोरगी होतो."

"मंग भांडे घासा," कमळा म्हणायची.

कमळा शेती बघायची. दोन एकर धान, बांधावर तुरी, अंगणात कोंबड्या. शाळा चौथीपर्यंत. पण अठ्ठावीस वर्षांत मानसशास्त्राची पदवी तिच्याही अंगावर थोडी थोडी उडाली होती. घंटा वाजवून दाणे टाकले की पुढे नुसत्या घंटेने कोंबड्या धावत येतात, हे लटारूने तिला अंगणात करून दाखवलं. कोंबड्या खरंच शिकल्या. मग गल्लीतून आइस्क्रीमवाला घंटी वाजवत गेला आणि त्याच्यामागे नऊ कोंबड्या पार स्टेशनपर्यंत गेल्या. परत आल्या सात.

दुसरा प्रयोग कमळेवर झाला. भैयाजी सरांनी वर्गात शिकवलं होतं की बक्षीस रोज दिलं तर सवय कच्ची राहते, मधून मधून दिलं तर पक्की होते. दाराशी उभ्या लटारूने ते मनावर घेतलं आणि त्या दिवसापासून अंबाडीच्या भाजीची तारीफ दर तिसऱ्या दिवशीच करायची असं ठरवलं. कमळेला ते दोन वर्षांनी कळलं. "रोज चांगलं म्हनाले काय तोंड दुखते?" तिने विचारलं. लटारू गंभीरपणे म्हणाला, "रोज म्हटलं का तू बिघडशीन." गेली वीस वर्षं ती दर तिसऱ्या दिवसाची वाट बघत होती, म्हणजे भैयाजी सरांचं बरोबरच होतं.

स्टुलावरच्या कामात मात्र लटारूचा हात धरणारा कोणी नव्हता. आरशात पाहून चांदणी गिरवायचा एक प्रयोग असतो. नवा माणूस त्यात पेन्सिल भलतीकडेच नेतो. लटारू डोळे मिटून चांदणी काढायचा, त्यामुळे त्याला मुद्दाम हात हलवावा लागे. प्रयोग सुरू करण्याआधी तो अदबीने विचारायचा, "किती चुका पायजेत?" कारण प्रयोगाआधी एक अंदाज बांधलेला असतो, त्याला 'अभ्युपगम' असं भारदस्त नाव आहे, आणि अभ्युपगम खोटा ठरला तर बाहेरून आलेले परीक्षक पन्नास प्रश्न विचारतात. लटारूने एकाही पोराचा अभ्युपगम खोटा ठरू दिला नाही.

त्याचा सगळ्यात आवडता प्रयोग स्मृतीचा. कपाट नंबर दोनमध्ये निळ्या पुठ्ठ्याची एक पुस्तिका होती. तिच्यात पंधरा शब्द. प्रयोग करणाऱ्याने ते वाचायचे, प्रयुक्ताने आठवून सांगायचे, असं पाच वेळा. मग वीस मिनिटं दुसरं काहीतरी करायचं आणि पुन्हा विचारायचं. दोरी, तबला, लिंबू, चिमणी, नदी, पायरी, कंदील, साबण, डोंगर, खिडकी, वाटी, घोडा, टेबल, कापूस, शिट्टी. लटारूला हे झोपेतही येत. पण तो पहिल्या फेरीत सहाच सांगायचा, मग नऊ, अकरा, तेरा आणि पाचव्या फेरीत पंधरा. आलेख कसा सुरेख चढायचा. सातवा शब्द, कंदील, तो चार फेऱ्या गाळायचा आणि पाचवीत, जरा डोकं खाजवून, काढायचा. परीक्षकांना ते डोकं खाजवणं विशेष आवडायचं.

अशा माणसाची स्मृती वडशात गाजली नसती तरच नवल. थंडीत इथे नाटकाच्या कंपन्या मांडव टाकतात, त्यातल्या एकीने त्याला प्रॉम्प्टर म्हणून मागितलं होतं. तो गेला नाही. म्हणाला, "मले कॉलेजात सुट्टी नाई, चार तालुक्यांचं मन माह्याजवळ हाय."

मागच्या पोळ्यानंतर एक दिवस कमळा वांगी चिरत बसली होती. लटारू बाहेरून आला, तिच्याकडे पाहून थांबला आणि नम्रपणे म्हणाला, "बाई, कमळा कुठी गेली?"

ती हसली. तिला वाटलं, थट्टा करून राह्यला. मग तिने त्याचे डोळे पाहिले. त्यात थट्टा नव्हती. तिने विळी बाजूला सरकवली. थोड्या वेळाने तोच म्हणाला, "काय व, चहा नाई केला का?" आणि सगळं पहिल्यासारखं झालं. कमळेचं मात्र झालं नाही. मग तिला मागचं सगळं दिसायला लागलं. रविवारी कॉलेजात जाऊन कुलूप उघडणं. बाजारातून निघून, वीस वर्षांपूर्वी सोडलेल्या भाड्याच्या खोलीसमोर उभं राहणं. एकाच लग्नाचा आहेर दोनदा देऊन येणं.

तिने मुलाला फोन केला. प्रणित गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात. तो म्हणाला, "आई, बाबाची मेमरी? बाबाले मेमरीचा प्रॉब्लेम?" आणि हसला. कॉलेजात सांगून पाहिलं, तिथेही हसले. शेजारची रुखमा हसली नाही, पण तिने कमळेच्याच कपाळाला हात लावून पाहिला. कोणी ऐकेना म्हटल्यावर कमळेने धान विकायच्या घाईतही एक दिवस काढला आणि लटारूला सकाळच्या बल्लारशा गाडीने चंद्रपूरला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. प्रणित तिथे आला.

डॉक्टर भले होते. त्यांनी आधीच सांगितलं, "असलंच काही, तर लवकर कळलेलं बरं. गोळ्यांनी आजार जात नाही, पण त्याची चाल मंद होते. उशीर झाला की गोळ्यांचाही उपयोग राहत नाही." मग त्यांच्याकडच्या मुलीने टेबलावर निळ्या पुठ्ठ्याची पुस्तिका ठेवली.

लटारूचा चेहरा उजळला. तो ताठ बसला, हात गुडघ्यांवर ठेवले. चांगला प्रयुक्त प्रयोग चालू असताना बोलत नाही, म्हणून तो बोलला नाही. पहिल्या फेरीत सहा. मग नऊ, अकरा, तेरा. पाचव्या फेरीत डोकं खाजवून पंधरा. वीस मिनिटांनी पुन्हा पंधरा.

"वा!" डॉक्टर म्हणाले. "अगदी पुस्तकातल्यासारखा आलेख."

कमळा हटून बसली की साहेब, हे खरं नाही, यांनी मला ओळखलं नव्हतं. डॉक्टरांनी तिच्याकडे दयेने पाहिलं आणि म्हणाले, "बाई, तुमच्यावर फार ताण दिसतो. तुमचीही चाचणी करू या का?" कमळेला पहिल्या फेरीत त्याच पंधरा शब्दांतले सहा आठवले. सुरुवातीचे तीन, शेवटचे दोन आणि मधला कंदील, कारण तिच्या माहेरी तो होता. पाच फेऱ्या झाल्या तरी गाडी नवाच्या पुढे गेली नाही. तेव्हा लटारूला निरोगी स्मृतीचा कागद मिळाला आणि कमळेला महिनाभराच्या शक्तीच्या गोळ्या. प्रणितने आईला बजावलं की गोळ्या वेळेवर घे.

परतीच्या गाडीत मूल स्टेशन गेल्यावर लटारूने खिशातला तो कागद काढला, उलटासुलटा पाहिला आणि विचारलं, "कमळे, आपन कुठून येऊन राह्यलो?"

कमळेने खिडकीबाहेर तोंड केलं. जगातला प्रत्येक शहाणा माणूस एकीकडे आणि ती एकटी दुसरीकडे, अशी ती वडशाला उतरली. दुसऱ्या दिवशी लटारूने कागद प्लास्टिकमध्ये घालून घेतला आणि कपाट नंबर दोनवर चिकटवला.

पंधरवड्याने तो डबा घरी विसरून गेला. कमळा डबा घेऊन कॉलेजात पोचली आणि प्रयोगशाळेच्या दाराशी थबकली. आत एक विद्यार्थिनी वाचत होती, "दोरी, तबला, लिंबू..."  शेवट ऐकायला ती तिथेच उभी राहिली. "...कापूस, शिट्टी."

पहिल्या फेरीत सहाच आठवले होते तिला त्या दिवशी. पण ते सहा ती मरेपर्यंत विसरणार नव्हती.

विभागात त्या वर्षी मयुरी मॅडम नव्या आल्या होत्या, तासिका तत्त्वावर, वय सव्वीस. कमळा थेट त्यांच्यापुढे उभी राहिली. "मॅडम, डॉक्टरकडचे शब्द तुमच्या इथी कसे आले?"

मॅडमना आधी काही कळेना. कमळेने सगळं सांगितलं, वांग्यांपासून गाडीपर्यंत. ऐकता ऐकता मॅडमचा चेहरा उतरत गेला. त्यांनी कपाटावरचा कागद पाहिला. सहा, नऊ, अकरा, तेरा, पंधरा. मग मागच्या वर्षांच्या वह्या काढल्या. पत्रूच्या वहीत सहा, नऊ, अकरा, तेरा, पंधरा. मोनालीच्या वहीत तेच. लोकेशच्या वहीत तेच. मॅडम खुर्चीत बसल्या.

"काकू," त्या म्हणाल्या, "ही छापील चाचणी सगळीकडे एकच असते, आणि ती यांच्यावर हजार वेळा झाली आहे. डॉक्टरांनी यांची आठवण तपासलीच नाही. नुसतं पाठांतर तपासलं."

"म्हंजे मी बरोबर हाय?"

"तुम्हीच बरोबर आहात."

कमळेला रडू कोसळलं. दोन महिन्यांत पहिल्यांदाच कोणीतरी तिचं खरं मानलं होतं. आणि खरं निघालं म्हणून आपल्याला बरं वाटतंय, हे लक्षात आल्यावर ती आणखी रडली.

तीनची एसटी गेल्यावर प्रयोगशाळा रिकामी झाली. मॅडमनी नवी यादी केली. शब्द कमळेने दिले, शेताघरातले: रोवणं, पाटी, जांभूळ, सूप, असे पंधरा. लटारू सवयीने स्टुलावर बसला आणि विचारलं, "किती पायजेत, मॅडम?"

"आठवतील तितके सांगा, भाऊ."

तो गोंधळला. हे त्याला अठ्ठावीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. त्याने कमळेकडे पाहिलं, जणू तिला तरी आकडा माहीत असेल. पहिल्या फेरीत चार आले. दुसरीत चार. पाचवीत पाच. वीस मिनिटं त्याने आरशात पाहून चांदण्या काढल्या, एकही रेघ चुकली नाही. मग मॅडमनी विचारलं, "भाऊ, मघाचे शब्द?"

"कोनते शब्द?"

मॅडमनी पेन्सिल खाली ठेवली. लटारूला वाटलं आपल्याकडून काहीतरी चुकलं, वहीत खोट येणार, कोणा पोरीचं नुकसान होणार. तो कळवळून म्हणाला, "थांबा, लिहून घ्या," आणि दोरीपासून शिट्टीपर्यंत पंधराही शब्द घडाघडा म्हणून टाकले. कंदीलसुद्धा गाळला नाही.

मॅडम स्वतः चंद्रपूरला आल्या. डॉक्टरांनी दुसऱ्या चाचण्या केल्या, मेंदूचा फोटो काढला आणि प्रांजळपणे कमळेची माफी मागितली. आता गोळ्या लटारूला सुरू झाल्या. प्रणितने आईला फोनवर काही म्हणायचा प्रयत्न केला, त्याला ते जमलं नाही, मग त्याने धानाचा भाव विचारला.

कॉलेजात मॅडमनी नियम केला की विद्यार्थ्यांनी एकमेकांवर प्रयोग करायचे. त्या वर्षी प्रथमच खरी माणसं स्टुलावर बसली आणि मानसशास्त्राचा पार बोजवारा उडाला. कोणाचा आलेख खाली आला, कोणाचा आडवा पसरला. परीक्षकांनी सगळ्यांचे गुण कापले आणि शेरा मारला की या विभागाचा दर्जा घसरला आहे.

लटारू रजेवर घरी बसला. कमळेने विचार केला. नवं काही त्याच्या डोक्यात राहत नाही, पण हजारदा म्हटलेलं जात नाही. मग एका सकाळी तिने मॅडमकडून मागून आणलेलं स्टॉपवॉच हातात घेतलं, त्याला पाटावर बसवलं आणि यादी म्हणून दाखवली. फक्त सातवा शब्द बदलला. जो शब्द तो आयुष्यभर गाळत आला, त्याच जागी तिने स्वतःला बसवलं. दोरी, तबला, लिंबू, चिमणी, नदी, पायरी, कमळा. रोज सकाळी पाच फेऱ्या, रोज संध्याकाळी पाच. पहिले दोन महिने कंदीलच यायचा. मग एक दिवस पायरीनंतर तो थांबला, तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "हा सोडू का सांगू?"

"सांगा."

"कमळा," तो म्हणाला, आणि पुढे, "साबण, डोंगर."

ती हरखली. दोन दिवस हरखलेलीच होती. तिसऱ्या दिवशी तिच्या मनात आलं, हा 'कमळा' म्हणतो ते 'साबण' म्हटल्यासारखंच म्हणतो. तिने भीत भीत विचारलं, "अजी, यातला सातवा शब्द अर्थाचा का बिनअर्थाचा?" प्रयोगशाळेत अशा दोन जातींच्या याद्या असतात, हे तिला त्यानेच कधीतरी सांगितलं होतं.

लटारूने बराच विचार केला. "अर्थाचा हाय," तो म्हणाला. "अर्थ काय तो थोड्या वेळानं सांगतो."

कमळेने स्टॉपवॉच सुरू केलं. रीतच होती, वीस मिनिटं थांबायचं आणि मधल्या वेळात दुसरं काहीतरी करायचं. ती चुलीकडे गेली, अंबाडी निवडली, शिजत घातली, झाकण ठेवलं. घड्याळ पदराशी टिकटिकत होतं. वीस मिनिटांनी आपण विचारायचंच नाही, असंही तिने एकदा ठरवून पाहिलं.

"काय व कमळे," ओसरीवरून आवाज आला, "भाजी मस्त झाली हो आज."

भाजी अजून ताटात पडायची होती. कालही त्याने मस्त म्हटलं होतं, परवाही. दर तिसऱ्या दिवसाचा हिशेब तो केव्हाच विसरला होता.

कमळेने घड्याळ बंद केलं आणि त्यात पाहिलं. अठरा मिनिटं झाली होती, आणि न विचारताच त्याने तिला नावाने हाक मारली होती.